आईच्या पानांचा अर्क

माझी आई वसईकडच्या वटार गावी राहायची. अजून राहते, पण वाडी आता तशी नाही म्हणून राहायची असंच तोंडात येतं. सुपारीच्या झाडांवर पानवेली चढवलेल्या, आत शिरलं की भर दुपारी पण गार. आई हात वर करून पानं खुडायची, मग लहान-मोठी निवडायची, पाणी मारायची, ओल्या फडक्यात बांधून बाजाराला पाठवायची. तिच्या हातांना कायम तो तिखट वास. विरारच्या फ्लॅटमध्ये माझं बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मी बाळंतपणाला तिच्याकडे आले होते.

त्याच दिवसांत कॉलेजातली एक मुलगी यायला लागली, संशोधन करणारी. खाऊच्या पानाचा अर्क काढून त्याने कॅन्सर मरतो का ते ती बघत होती. तिला फवारणी न केलेली पानं हवी होती आणि कोरडी हवी होती, दोनदा सांगून गेली बिचारी. पण आईने पहिल्या खेपेला मस्त पाणी मारून घट्ट बांधून दिली. मधे सुट्टी आली, गाठोडं तसंच राहिलं, सगळ्याला बुरशी.

"मावशी, कोरडी सांगितली होती ना."

"अगं बाय, सुकं पान आपन पावन्याला पन देत नाय, आनि तुला कशी देऊ?"

"मला खायला नकोत हो."

"म्हनजे खात पन नाय. मंग फुकटच गेली की."

ती मुलगी हसून हसून ओट्यावरच बसली. मग आम्ही तिघी जुन्या धोतरावर पानं सावलीत पसरायचो, बाळ झोळीत, आणि ती सांगायची की याची पूड होते, ती स्पिरिटमध्ये भिजते, मग गाळून आटवतात. मी नववीत शाळा सोडलेली, तरी ती मला सांगताना हळू बोलायची नाही, मला ते फार आवडायचं. इतकं छान वाटायचं त्या दुपारी, की अजून डोळे मिटले की मी तिथेच असते.

आणि मग एकदा आई बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, त्याने लाथ मारली ती तिच्या छातीला लागली आणि आई पांढरी पडली. मी हात लावून बघितलं तर गाठ. कधीपासून होती तिला ठाऊक, कोणाला बोलली नव्हती. डॉक्टरने तपासणी केली, कॅन्सर निघाला, ऑपरेशन लवकर करा म्हणाला. मी तर दूध पाजताना माझीच छाती चाचपायची.

आई मात्र शांत. त्याच सुमाराला मुलगी सांगत आली होती की अर्काने डिशमधल्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशी मेल्या. मग काय, आई सकाळ-संध्याकाळ पानांचा काढा प्यायला लागली.

"आई, डॉक्टरने तारीख दिलीय."

"शिकलेली पोर सांगते ती खोटं सांगते का? घरचं औषद घरी आहे, कापायला कशाला जाऊ?"

"तिने पी म्हणून सांगितलं का?"

"सांगायला कशाला पायजे. मला कळतं."

तारीख टळली. मी बाळाला उचललं, रिक्षा केली आणि तशीच धापा टाकत कॉलेजात गेले आणि त्या मुलीवर ओरडले, सगळ्यांसमोर. तुझ्यामुळे माझी आई मरेल म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, उद्या त्यांना इथे घेऊन ये, फक्त घेऊन ये.

आणलं. आईने चपला प्रयोगशाळेच्या बाहेर काढल्या, डोळा लावून त्या मायक्रोस्कोपच्या यंत्रात बघितलं. गुलाबी पाण्यात पेशी होत्या म्हणे.

"ह्या मेलेल्या का?"

"हो, ह्या अर्काने मेल्या."

"बघ," आई मला म्हणाली.

मग त्या मुलीने दुसरी डिश ठेवली. "आता ह्या बघा."

"ह्या पन मेल्या. ह्याच्यात कुठलं पान?"

"पान नाही मावशी. फिनाईल. काल मी मुद्दाम टाकलं. डिशमध्ये सगळ्यानेच मरतात. माणसाच्या अंगात काय होतं ते मला अजून माहीत नाही, मला वर्षं लागतील. तुमच्याकडे वर्षं नाहीत."

आईने परत यंत्राला डोळा लावला. बाळ माझा पदर ओढत होतं. शेवटी आई म्हणाली, "फिनाईल तर मी पिनार नाय बा." आणि चपला घालायला बाहेर गेली.

रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव, नवी तारीख घे."

ऑपरेशन झालं, नंतरची केमोची सलाईन पण झाली, केस गेले, परत आले. तपासणीला अजून नेते तिला, रिपोर्ट आला की आधी मीच उघडते. उजवा हात मात्र नीट वर जात नाही, म्हणून वेली काढून टाकल्या, आता तिथे केळी आहेत. मुलीचं संशोधन चालू आहे, अजून डिशमध्येच, ती अधूनमधून भेटायला येते, तिला पानं आता दुसरीकडून मिळतात. आई तिला विचारते, "कोरडी देतात का गं?" ती म्हणते, "देतात, पण कोणी भांडत नाही."

कधी कधी मी केळीत जाऊन उभी राहते. तो वास आता नाही. आतून आई हाका मारत असते, चहा निवतोय म्हणून, आणि मी धावत जाते.