बाप गुडघ्यावर, मी पाहुण्यांत

"गुडघ्यावर बस. बसून वाजव."

दुपारचे बारा. अमरावतीचं ऊन. डांबर चपलेला चिकटत होतं. वकीलसाहेबांच्या थोरल्या पोराची वरात मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी थांबली होती, आणि नवरदेवाचा काका माझ्या बापाला हुकूम सोडत होता. माझा बाप बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवतो. लाल कोट, पिवळी झालर, तुरा मोडलेली टोपी.

बाप म्हणाला, "साहेब, रस्ता लय तापला."

"मंग? नवरदेव घोड्यावर तापून राहिला ते दिसत नाही? बस."

बाप बसला. वाजवतच बसला. काकानं त्याच्या टोपीवर पाण्याची बाटली उपडी केली. क्लॅरनेटमध्ये पाणी गेलं, सूर फाटला. लोक हसले. काका म्हणाला, "थंड झालं का बे?" लोक आणखी हसले.

मी तिथंच होतो. बँडवाल्यांत नाही. पाहुण्यांत. दहा पावलांवर. इस्त्रीचा काळा शर्ट, हातात सरबताचा ग्लास. नवरदेवाचा धाकटा भाऊ सौरभ माझ्या खांद्यावर हात टाकून उभा होता. तो आमच्या मेटल रॉक बँडचा गायक. मी गिटारिस्ट.

बापानं मान वर केली. त्यानं मला पाहिलं.

सौरभनं विचारलं, "ओळखतो का रे त्याले?"

मी मान हलवली. "नाही."

बापानं डोळे मिटले आणि वाजवत राहिला.

आम्ही दर्यापूरचे. मांग. डफडं आणि वाजंत्री आमच्या घरात पिढ्यांपासून. बाप तरुणपणी डफडं वाजवायचा, मग बँड पार्टीत गेला. मी अमरावतीला कॉलेजात आलो आणि कॉलेजात कुणाला काही सांगितलं नाही. वडील काय करतात? नोकरीला आहेत. कुठं? दर्यापूरले. बस्स. आडनाव विचारलं की मी नुसतं नाव सांगायचो.

मेटल मी पहिल्यांदा होस्टेलात एका पोट्ट्याच्या मोबाइलवर ऐकलं. बाकीच्यांनी कान झाकले. मला ते ओळखीचं वाटलं. जाळावर तापवलेलं डफडं असंच अंगावर येतं. तळहातानं तारा दाबून वाजवायच्या, म्हणजे सूर सुटत नाही, गुरगुरतो. हे शिकायला मला महिना लागला नाही. बोटं बापाची होती.

गिटार सौरभची होती. ॲम्प्लिफायर त्याचा, ड्रम त्याचे, गच्चीवरची खोली त्याची. तो फाटक्या जीन्समध्ये, घसा फोडून व्यवस्थेला शिव्या देणारी गाणी म्हणायचा. खाली त्याची आई पूजा करायची. मी वाजवून गिटार खाली ठेवली की ती वर येऊन ओल्या फडक्यानं गिटारची मान पुसायची. सगळी नाही. जिथं माझा हात असायचा तेवढीच.

सौरभ म्हणायचा, "आईला स्वच्छतेची सवय आहे." मी म्हणायचो, "हो." आडनाव टाळणाऱ्याची जात ती ओळखून होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मला ती गिटार पाहिजे होती.

आमचं एक गाणं गाजलं. त्याच्या सुरुवातीची रिफ, गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा, मी बापाच्या डफड्याच्या ठेक्यावर बांधली होती. इंटरनेटवर गाणं चढलं तेव्हा खाली लिहिलं होतं, संगीत: सौरभ. मी विचारलं. तो म्हणाला, "बँड म्हणजे आपण सगळेच ना यार."

वरातीनंतर तीन आठवड्यांनी अकोल्यात एका कॉलेजच्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता. ऊन उतरलं होतं. मैदान भरलेलं. त्याच गाण्याआधी सौरभनं माइक धरला.

"आमच्या गिटारिस्टची एक गंमत सांगतो. माझ्या भावाच्या लग्नात याचा बाप बँड वाजवत होता. रस्त्यावर बसून. मी विचारलं, ओळखतो का? तर म्हणतो, नाही!"

मैदान हसलं. सौरभ माझ्याकडे वळला. माइक तोंडाशीच होता.

"अरे, दर्यापूरची बँड पार्टी मीच शोधून आणली होती. तुझा परीक्षेचा फॉर्म पाहिला मी, आडनाव वाचलं, तुझ्या गावात चौकशी केली. म्हटलं पाहू तर खरं, पोट्टं काय म्हणते ते." मग मैदानाकडे तोंड करून, "तर आज एक स्पेशल होऊन जाऊ द्या. वरातीचं!"

"वरात! वरात! वरात!"

पुढच्या रांगेतले गुडघ्यावर बसले. खोटी पिपाणी तोंडाला लावून डोलायला लागले. माझ्या ओळखीची पोरं. अमरावतीहून आमच्यासोबत आलेली, होस्टेलात माझ्याच खोलीत झोपलेली.

माझी बोटं तारांवर होती. खरं सांगतो, एक क्षण ती वाजवायला निघाली होती. इतकी सवय झाली होती सौरभचं ऐकायची.

मग मी दुसऱ्या माइककडे गेलो.

"तो माझा बाप आहे. मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. आम्ही मांग. ज्या गाण्यावर तुमी नाचता त्याचा ठेका माझ्या बापाचा आहे. तो आज वाजणार नाही."

गिटार गळ्यातून काढली आणि सौरभच्या पायाशी ठेवली. त्याची होती, त्याला दिली.

कुणी टाळी वाजवली नाही. भरलेली बाटली आली आणि ओठावर बसली. समोरचा एक दात गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "मांगाचा माज पाहा बे!" ड्रमवाला हळूच म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना, चालू करू." मी रक्त थुंकत पायऱ्या उतरलो. फाटकापर्यंत पोचलो तर मागं गाणं सुरू झालं होतं. तीच रिफ. सौरभ चुकीची वाजवत होता. लोक नाचत होते. माझ्यावाचून काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्यापूरला गेलो. बाप ओसरीवर पाय पसरून बसला होता. गुडघ्यावरचे फोड चिघळून काळे पडले होते, आणि माय हळद लावत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, सुजलेलं तोंड पाहून तरी तो काही म्हणेल.

तो म्हणाला, "अकोल्यात सांगतलं. बरं केलं. मले कावून सांगून राहिला?"

"बाबा, माहं चुकलं."

"तू काय बोलला ते मले ऐकू नाही आलं. बाजा चालू होता. पण तुही मान हलताना पायली मी." मग मायकडे पाहून म्हणाला, "याले जेवू घाल. अन् जाऊ दे."

त्यानंतर तो माझ्याशी त्या दिवसाबद्दल एकदाही बोलला नाही. माझं वाजवणं ऐकायला तो आजवर आलेला नाही. मी बोलावतो. तो म्हणतो, "लग्नाचा सीझन आहे." सीझन नसतानाही म्हणतो.

पाच वर्षं झाली. माझी स्वतःची जुनी गिटार आहे, स्वतःचा बँड आहे. नागपूर, पुणे, सगळीकडे वाजवतो. मागल्या महिन्यात सौरभचा मेसेज आला. 'परत ये. तुझी स्टोरी आता चालते. जातीवर एक गाणं करू.' मी त्याचा नंबर ब्लॉक केला.

आणि परवा अमरावतीच्या एका आयोजकाचा फोन आला. बोलणं गोड. पोस्टरवर फक्त नाव टाकू म्हणाला. "आडनावानं उगाच वेगळं वातावरण होते हो. तुमाले म्युझिक करायचं आहे ना?"

मी त्याला सांगितलं, "आडनाव टाका. नावापेक्षा मोठ्या अक्षरात. त्याखाली माझ्या बापाचं नाव टाका, आणि तो काय वाजवतो ते लिहा. एक अक्षर कमी दिसलं तर मी येणार नाही."

"लोक उठून जातील," तो म्हणाला.

जाऊ देत. ज्याला जायचं त्यानं गाणं सुरू व्हायच्या आधीच जावं. मैदान रिकामं झालं तरी मी वाजवीन. आवाज कमी करणार नाही.