साहेब, माया सोडलीय ना?

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवंय, म्हणून लगेच टाइप करतेय!

आमच्या पुढच्या खोलीत बाबांचं शिलाईचं दुकान आहे. आज सकाळी रस्ता रुंदीकरणाचे मोजणीवाले आले आणि दुकानातल्या भिंतीवर लाल रंगाची उभी रेघ मारली. रेघेच्या पुढचं सगळं रस्त्यात जाणार. बाबांचं मशीन पुढेच आहे.

बाबा रेघेकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "साहेब, थोडी माया सोडलीय ना?"

"कसली माया, काका? नकाशात आहे तेवढंच."

"अहो, ते कापड नाहीये," आई हळूच म्हणाली.

शिंप्याची माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवायचं, कपडा पुन्हा बसतो. माझा शाळेचा ड्रेस बाबांनी तसाच तीन वर्षं पुरवला. ते खडूने रेघ मारतात, पण कात्री रेघेवरून कधीच चालवत नाहीत. थोडी बाहेरूनच.

आमचं गाव पण वाढतंय, कळतं मला. पण ही रेघ खडूची नाही. आईने तारेच्या घासणीने घासून पाहिली, भिंतीचा पोपडा निघाला, रेघ आहेच.

आता बाबा कुणाचा तरी ब्लाउज कापतायत. कात्री करकरली की मी दचकून भिंतीकडे बघते.

तुमच्या घरात मारलीय का कुणी अशी रेघ? तुमचं माणूस तिच्या कुठल्या बाजूला बसतं?