वैजयंती पळत आली तो दिवस

दिवाळीच्या सुट्टीत नूतन पुण्याहून आली, तेव्हा तिच्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली एक खोकं होतं. ते तिनं आईच्या पुढ्यात ठेवलं. आत पोपटी रंगाचे बूट. नाड्या भगव्या, तळाला ट्रॅक्टरच्या टायरला असतात तसे जाड रबरी दात.

"कुणाला गं हे?" वैजयंतीनं विचारलं.

"तुला. डोंगरात पळायचे बूट हायेत. ट्रेल रनिंगचे. आमच्या दुकानात स्टाफला स्वस्तात मिळतात."

"मी कुठं पळती आता?"

"मग चाल. पण उतारावर घालून बघ आधी. बोटं पुढं आपटली तर नंबर मोठा लागंल. आठ दिवसांत सांग, म्हंजे बदलून आणती."

नूतन खेळाच्या सामानाच्या दुकानात कामाला होती, त्यामुळं बुटांच्या बाबतीत तिचं म्हणणं घरात चालायचं. ती गेल्यावर दोन दिवस बूट खोक्यातच राहिले. वैजयंती येता-जाता झाकण उघडून बघायची आणि परत लावायची.

डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. बारा वर्षं ती तिथं आशाताई होती. गाव आणि वरच्या तीन वाड्या तिच्याकडं. कोण गरोदर, कुणाचं लसीकरण राहिलंय, कुणाला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, सगळं तिला तोंडपाठ. वाड्यांना गाडी जात नाही. पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्याला पिशवी, अशी ती चालत राहायची. दर पावसाळ्यात दोन जोड तुटायचे आणि ती ते विसरूनही जायची.

तिसऱ्या दिवशी खिंडीपलीकडच्या वाडीला जायचं होतं. तिथल्या स्नेहलचं बाळ चौदा दिवसांचं झालं होतं, त्याचं वजन करायचं होतं. वैजयंतीनं वजनकाटा, थर्मामीटर आणि वही पिशवीत भरली. मग खोक्यातून बूट काढले आणि तेही पिशवीत टाकले. साडीवर बूट घालून गावातून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटचं घर मागं पडलं, तशी ती एका धोंड्यावर टेकली, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि बूट चढवले.

पहिल्यांदा पाय परक्याचा वाटला. जमीन कळेना. चपलेतून खडा टोचला की कळायचं, इथं काहीच नाही. चढावर डावी टाच घासायला लागली, तेव्हा तिनं थांबून नाडी आवळली. अर्ध्या वाटेवर झऱ्याचं पाणी पाझरून शेवाळलेला कातळ होता. तिथं ती दर खेपेला चपला हातात घ्यायची आणि बसत-सरकत पलीकडं जायची. आज तिनं एक पाय ठेवून बघितला. दाबून बघितला. दात कातळाला धरून राहिले. ती उभ्यानं पलीकडं गेली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत अलीकडं आली आणि पुन्हा एकदा पलीकडं गेली.

खिंडीत वारा होता. खाली वाडीची दहा-बारा घरं, आणि त्यांच्याभोवती पिवळी पडलेली भातखाचरं. कापणी चालली होती. वाट मुरमाची, घसरडी, सरळ खाली उतरणारी. बोटं आपटतात का ते इथंच कळणार होतं. वैजयंतीनं निऱ्या वर खोचल्या, पिशवी काखेत दाबली आणि दहा पावलं झपझप उतरली. बोटं आपटली नाहीत. आणखी दहा. मुरूम पायाखालून सरकला, पण पाय सरकला नाही. आणि मग चालता चालता कधी पळायला लागली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आश्रमशाळेत असताना ती पळायची. घोडेगावला तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला दुसरी आली होती, अनवाणी. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, रामदासच्या घरी आली, आणि मग हौसेनं पळायचं काही कारणच पडलं नाही. आज छाती भात्यासारखी हलत होती, अंबाडा सुटला होता, आणि तिला हसू येत होतं.

खाली खाचरात कुशाबा कापणी करत होता. त्यानं मान वर केली आणि विळा टाकून दिला.

"ताई पळत येतिया!" तो ओरडला. "झुंबरबाई! ताई तुमच्या घराकडं पळतिया!"

दोन वर्षांपूर्वी याच खाचरात कुशाबाला साप चावला होता. तेव्हा वैजयंती अशीच पळत आली होती. वाडीनं तिला पळताना पाहिलं ते तेवढंच. आता बाया विळे टाकून बांधावर आल्या. स्नेहलची सासू झुंबरबाई तर लुगडं सावरत घराकडं धावलीच.

वैजयंती अंगणात पोचली, तेव्हा झुंबरबाई बाळाला उराशी धरून दारात उभी होती. मागं स्नेहल, तोंड पांढरंफटक.

"काय झालं? बाळाच्या रक्ताच्या रिपोर्टात काय आलं?" झुंबरबाईला दम लागला होता. "माझं बाळ तर झोपल्यालं व्हतं!"

"काय न्हाई, मामी. काय न्हाई झालं."

"मग पळत का आलीस?"

वैजयंती खाली बघायला लागली. मग मागोमाग अंगणात जमलेला कुशाबा, बाया, सगळ्यांनीच खाली बघितलं.

"बूट बघत व्हते," ती म्हणाली. "नवे हायेत."

झुंबरबाई मटकन ओट्यावर बसली. "माझा जीव गेला असता गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तिच्याशेजारी बसली, तिचा हात धरला. "चुकलं मामी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." हसायला सुरुवात कुशाबानं केली, आणि मग बाया हसल्या. शेवटी झुंबरबाईही पदरानं डोळे पुसत हसली.

वैजयंतीनं हात धुतले, बाळाला झोळीत घालून काटा उचलला. दोन किलो सातशे. जन्माच्या वेळेपेक्षा दोनशेनं जास्त. ताप नाही, बेंबी कोरडी. स्नेहलनं कोरा चहा आणला. झुंबरबाईनं एक बूट मागून घेतला, उलटा केला, अंगठ्यानं दात दाबून बघितले.

"चावत न्हाईत का?"

"डावी टाच जरा घासती."

"तेल लाव." तिनं बूट परत दिला. "आन पुन्यांदा पळायचं असंल तर आधी सांगत जा."

"वरून कसं सांगू?"

"वरडायचं! कोण हाय तिथं ऐकाय, आमीच की."

रात्री फोनवर वैजयंतीनं नूतनला नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. बाकीचं सांगताना दोघींना हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात एकविसाव्या दिवसाची भेट होती. या खेपेला बूट घरातूनच घालून निघाली. खिंडीत आल्यावर तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"सहज येतिया गं!"

खाली खाचरं निम्मी मोकळी झाली होती. पेंढ्या बांधणाऱ्या बायांतून कुणीतरी हात हलवला. कुशाबाचा आवाज वर आला, "या, या! वाट मोकळी हाय!"

वैजयंतीनं निऱ्या खोचल्या.