मरळीच्या पिल्लांची राखण

पिल्लं राखणाऱ्या मरळीला मी बांबू हाणून हाकलून लावलं, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. वरठीला कारखान्यात नवा लागलेलो, आणि जावईही नवाच. पोळ्याला सासरी गेलो, दिघोरीच्या बाजूला. सासरे ढिवर, गावच्या बोडीवर मासे धरायचे. या लहानशा तलावातून मरळ जवळपास नाहीशीच झाली होती. काठचं गवत लोकांनी उपटलं, तिला अंडी घालायला जागा उरली नाही, असं ते सांगायचे. म्हणून उन्हाळाभर चिखलात बसून त्यांनी स्वतः पाणगवत लावलं. त्या पावसाळ्यात एक जोडी आली. एकच. मला ती दाखवायला ते सकाळी नेणार होते, पण मी झोपून राहिलो. मग दुपारी एकटाच निघालो, शहाणा!

आणि काय दिसावं! गवतात ताटाएवढी मोकळी जागा, तिच्याशेजारी पाणी शेंदरी-लाल! बोटाच्या पेरापेक्षाही लहान शेकडो पिल्लं एकाच गोळ्यानं वर यायची, तोंडं बाहेर काढायची, बुडायची, पुन्हा यायची. पाणी नुसतं उकळत होतं. मी वाकून पाहत राहिलो. तेवढ्यात खालून हातभर लांब काळी मरळ वर आली, सापासारखं डोकं. मेली पिल्लं! मी बांबू उचलला आणि धाडकन हाणला. मरळ गायब.

"काय मारून राहिले जी?" पाळीवरून, म्हणजे बोडीच्या बांधावरून, सासरे ओरडत आले.

"पिल्लं वाचवली मामाजी! मरळ खाऊन राहिली होती."

"खाऊन नाई, राखून! बाप होय तो त्यायचा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "दोघानं मिळून गवत बाजूले सारलं, मादीनं पिवळे अंडे टाकले, तरंगत होते मोहरीवानी. तवापासून हा हलला नाई. आता पाहा काय होते ते."

झालंच. गवतातून लहानमोठे मासे तुटून पडले. खंड्यानं वरून सूर मारला. लाल गोळा फुटला, पसरला.

"उतरा!"

"मी?"

"मंग कोण? बापाले तुमीच हाकललं ना!"

नव्या पँटीसकट मी कमरेइतक्या पाण्यात. हात आपटतोय, खंड्यावर ओरडतोय, माशांना शिव्या घालतोय. उरलेली पिल्लं माझ्याच पायांभोवती जमली! गुदगुल्या होत होत्या, मी एकीकडे हसत होतो आणि एकीकडे जीव टांगणीला. सासरे पाळीवर उकिडवे बसून एकटक पाण्याकडे पाहत होते.

ऊन कलायला आलं आणि पोटरीवर दणकन धडक बसली.

"साप! मामाजी, साप!"

"आला!" सासरे बसल्या जागेवरून उडाले. "अरे आला, आला, आला!"

ते काळं डोकं माझ्या दोन पायांमधून गेलं, पिल्लांच्या खाली जाऊन थांबलं. गोळा पुन्हा बांधला गेला. निम्माच असेल, पण लालभडक! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मामाजी, आता अंधार पडेपर्यंत मी हलत नाही इथून."

"कायले? निघा भायेर," सासरे म्हणाले. "ज्याले समजते, तो आला."