काळ्या थराखालचा पाईप

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन घरी आलो. खून बघितले, दरोडे बघितले, ते सगळे मागे पडले. हा राग काही जात नाही.

मोडनिंबच्या पुढं हायवेवर एक गाडी पुलाच्या कठड्याला धडकली होती. सोलापुरातला तरुण नवरा गाडी चालवत होता, बायको शेजारी. थोड्याच दिवसांपूर्वी घेतलेली जुनी गाडी, कमलाभवानीच्या देवळात पूजेला न्यायची म्हणून दोघं करमाळ्याला निघालेली. बायको जागीच गेली. त्याला नुसतं खरचटलं. वैरागहून सासरा आला आणि त्यानं फिर्याद दिली, जावयानं बेफाम गाडी चालवून माझी पोर मारली.

अशी केस ठाण्यात ठरलेल्या वाटेनं जाते. पंचनामा, जबाब, चालकाचा निष्काळजीपणा, दोषारोपपत्र. पोरगा बाकावर बसून एकच बोलत होता, "ब्रेक लागला न्हाय सायेब."

आमचा हवालदार म्हणाला, "हितं आलेल्या एकाचा तरी ब्रेक लागला हाय का रं?"

पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "आत टाकायचं तर टाका. पर माज्या हातानं ती गेली असं लिहू नगा."

जामिनाचं त्यानं विचारलंही नाही. माणूस आधी स्वतःच्या सुटकेचं बोलतो, हे मी नोकरीत पाहिलेलं. हा बोलला नाही, तिथंच माझ्या मनात खटकलं.

मग ठाण्यात फोन आला. माणसानं नाव सांगितलं नाही. "त्या गाडीचं बूड बघा की. वरवर काय बघता?" एवढं बोलून ठेवून दिला. कोण होता ते कधीच कळलं नाही.

ब्रेकचा पाईप तुटलाय हे आम्हाला माहीत होतं. धडकेत तुटला असेल, असं धरून सगळे मोकळे झाले होते. मी आवारात पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. खाली सगळं काळंकुळकुळीत, नव्यासारखं. गंज धरू नये म्हणून मारतात तो रबरासारखा स्प्रे. पाईपाच्या तुटल्या जागी नख लावलं, तर काळी साल सोलून हातात आली. आत लोखंड नव्हतंच, तांबडा भुगा होता. धडकेत तुटलेलं लोखंड तुटल्या जागी चकचकीत दिसतं. हा पाईप आधीच खाऊन संपला होता. पंच बोलावले, पाईप सील केला.

आमच्या सोलापूरकडं एक खोड आहे. पाऊस बेताचा, हवा कोरडी, म्हणून लोखंड गंजतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. गाडी घेताना माणूस बॉनेट उघडेल, टायरला लाथ मारेल, पण वाकून खाली बघणार नाही. हे ओळखून जुन्या गाड्यांचा एक व्यापारी समुद्राकडच्या, खाऱ्या हवेत सडलेल्या गाड्या इकडं आणायचा. पोरानं ही गाडी त्याच्याकडूनच घेतलेली.

त्याच्या वाड्यात गेलो. त्यानं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. "सायेब, त्यो काळा स्प्रे गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी मारतो आमी. गाडीचं आयुष्य वाढतं."

"गंज खरडून मारला का?"

"कंपनीचा माल हाय. वरनं मारला तरी चालतो."

त्याची स्वतःची गाडी तिथंच उभी होती. मी जमिनीवर आडवा झालो, त्याला ते आवडलं नाही. त्या गाडीला खाली काळं काहीच नव्हतं. पातळ, पारदर्शक थर, त्यातून पत्रा न् पत्रा दिसत होता.

"हिला दुसरा का मारला?"

"ते मेणाचं हाय सायेब. त्यातनं आतलं दिसतं. कुटं गंज धरला तर लगेच..."

एवढं बोलला आणि चहा का आला नाही म्हणून आत ओरडला. चहा आला, कुणी घेतला नाही. स्वतःच्या पोराबाळांसाठी आतलं दाखवणारा थर, विकायच्या गाडीला झाकणारा. निवड करताना त्याला सगळं कळत होतं. ठाण्यात आणल्यावर म्हणाला, "सगळेच करत्यात." मी म्हटलं, "मग सगळ्यांची नावं सांग." तेव्हा एक आठवेना.

त्याच्यावर गुन्हा दाखल केला. पोराचं नाव आरोपीतून काढायचा अहवाल कोर्टात पाठवला. पोराला आणि सासऱ्याला बोलावून तो मी मोठ्यानं वाचला. चालकाचा दोष आढळून येत नाही, या ओळीला पोरगा म्हणाला, "परत एकदा वाचा." परत वाचली. सासरा उठला, टोपी घातली. मग जावयाला म्हणाला, "चल. तुझी सासू वाट बघत आसंल."

जुनी गाडी घेणाऱ्यांनी खाली वाकून बघा, आणि नवीकोरी काळी साल दिसली तर नख लावा. गंज रोखायला काही मारायचंच असेल, तर आधी खरडा आणि आतलं दिसेल असं मारा. पण मला शिकायला मिळालं ते वेगळंच, आणि तेही उशिरा. माझी मंडळी मागच्या वर्षी गेली. दवाखान्यात न्यायला मी उशीर केला का, हे मी डॉक्टरला तीनदा विचारलं, आणि तो तीनदा नाही म्हणाला. तेवढ्यावर मी भाकरी खातो. त्या व्यापाऱ्यानं पोराची बायको नेली, आणि वर तिचं मरण पोराच्याच हातावर ठेवलं. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा कायद्यात आहे. दुसऱ्याची मी अजून शोधतोय.