कॅमेऱ्यावरची छत्री

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी पंडरीच्या कापडबाजारात पडद्याचं कापड बघत होतो. दुकानदाराने चौथा तागा उलगडला होता आणि हा रंग भिंतीला शोभणार नाही, असं बायको म्हणत होती. पल्लवी म्हणजे माझ्या मित्राची, देवीदासची मुलगी. जन्म रायपूरचा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "अंकल, पापा नहीं रहे," ती म्हणाली, "सुबह चाय पी रहे थे, बस…" मी विचारलं, "कोणाचे पापा?" खरंच असं विचारलं मी. नंतर कळलं तेव्हाही आधी दुःख झालं नाही, राग आला. एक महिना आणि नऊ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि हा माणूस भांडण अर्धवट टाकून निघून गेला होता.

त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत बुद्धवंदनेनंतर चार जण बोलले. चौघांनीही देवीदासला 'निसर्गाचा सच्चा पुजारी' ठरवून टाकलं, त्यातल्या एकाने तर दोनदा त्याचं नाव देवेंद्र घेतलं. टेबलावर हार घातलेला फोटो होता तो त्याच्या रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, नाकाडोळ्यांचे नुसते ठिपके. चाळीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरलेल्या माणसाचा घरात स्वतःचा एक धड फोटो नसावा! मी मागच्या रांगेत बसून चरफडत होतो. पुजारी-बिजारी काही नव्हता तो, एक नंबरचा हेकट माणूस होता, आणि माझं त्याच्याशी बोलायचं अजून राहिलंय, असं मला उठून सांगायचं होतं. पण माझं नाव पुकारलं तेव्हा मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

आमची ओळखही भांडणासारखी छत्रीमुळेच झाली. मी विद्युत खात्यात नवा लागलो होतो. पावसाचे दिवस. स्टेशनच्या सायकल स्टँडमागे डबक्याच्या काठाला एक तरुण माणूस उकिडवा बसला होता, डोळ्याला कॅमेरा, समोर बेडूक. माझ्या हातात वडिलांची काळी छत्री, लाकडी मुठीची, दोन माणसं सहज मावतील एवढी. त्याने वर न बघताच विचारलं, "भाऊ, जरा छत्री धरता काय?" मी धरली, अर्थात त्याच्या डोक्यावर. "माह्यावर नाही हो, कॅमेऱ्यावर धरा. मी काही गंजत नाही." पंधरा मिनिटं बेडूक हलला नाही, देवीदास हलला नाही, म्हणून मीही हललो नाही. ऑफिसात ओलाचिंब पोहोचलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी हा ऑफिस शोधत हजर. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. तर म्हणतो कसा, "रविवारी फुरसत हाय काय? छत्री घेऊन याल."

रायपूरपासून अडीच-तीन तासांवर सालाच्या जंगलात एक घळ आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण ते कुणाला सांगायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद होती आणि ती मोडायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. आम्ही तिला नुसतं 'खाली' म्हणायचो. "रविवारी खाली जाऊ," एवढं म्हटलं की दोन्ही घरांत डबे तयार व्हायचे. दोन्ही अंगांना काळे ओले कडे, मधून नाला, कड्यांवर शेवाळ आणि नेचे. देवीदासला ती पावसातच हवी असायची. उन्हात सगळे हिरवे सारखेच दिसतात, असं त्याचं म्हणणं. आधी बसने जायचो आणि पुढे दोन कोस पायी, नंतर माझी गाडी आली, आणि गाडीबरोबर त्याची कुत्री आली. ठेकेदार तांबडा, स्वतः काडी न उचलता सगळ्यांच्या कामावर नजर ठेवणारा, म्हणून ते नाव. मैना पांढरी, एक कान फाटलेली. ठेकेदार पुढे पळायचा आणि दर दहा मिनिटांनी परत येऊन आम्ही दोघं आहोत ना ते बघून जायचा. मैना देवीदासच्या टाचेला चिकटून बसायची, शेपूटसुद्धा न हलवता. शेपटीच्या वाऱ्याने पान हलतं हे तिला कळलं होतं, मला कळायला मात्र दोन पावसाळे लागले. माझं काम ठरलेलं… हात लांब करून छत्री कॅमेऱ्यावर धरायची आणि आपण पावसात उभं राहायचं.

आणि त्याचे ते छत्तीस फोटो! रोलच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस निघायचे, ते समजण्यासारखं होतं. पुढे डिजिटल कॅमेरा आला, हजारो फोटो मावणारं कार्ड आलं, तरी हा गडी छत्तीसच काढणार. सदतिसावा कधी काढला नाही, आणि पस्तिसावर कधी घरीही आला नाही. "अबे, मोजून भेटलं की डोळे नीट पाहतात," असं तो म्हणायचा. माझ्या मुलीच्या लग्नात मी मोठ्या विश्वासाने त्याच्या हाती कॅमेरा दिला. छत्तीस फोटो आले. दारावरचं तोरण, पातेल्यातल्या भातावरची वाफ, मांडवाबाहेरच्या चपला, हळदीने पिवळी झालेली पाटाची कड. नवरी एका फोटोत, तीही धूसर. "माणसं लय हलतात," एवढाच खुलासा. माझी बायको त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. मी दुसऱ्या रविवारी छत्री घेऊन गेलोच.

यंदा जुलैत आम्ही शेवटचे खाली गेलो. माझा गुडघा आता उतारावर कुरकुरतो. दुपारपर्यंत सतरा फोटो झाले होते. अठरावा अडला. नेच्याचं एक कोवळं, अजून न उलगडलेलं पान, त्याच्या टोकाला थेंब, आणि वारा काही केल्या पडेना. अर्धा तास गेला. नाला गढूळ होऊन फुगायला लागला होता.

"देवीदास, पाणी वाढून राहिलं. चाल वर."

"थांब ना बे, हवा पडू दे."

"केव्हाचा हेच म्हणून राहिला तू. माह्या गुडघ्याचं काय?"

"तुले काहून एवढी घाई असते? छत्री जरा उजवीकडे घे."

छत्री जरा उजवीकडे… चाळीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन, आणि प्रत्येक वेळी छत्री उजवीकडे नेली. त्या दिवशी मात्र ते डोक्यात गेलं. "मी काय तुह्या छत्रीचा दांडा हाओ काय?" मी ओरडलो. त्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. "जाय मग. छत्री ठेवून जाय." "छत्री माह्या बापाची हाय," मी म्हटलं आणि ती घेऊन चालू लागलो. साठी उलटलेला माणूस मी, आणि हे बोललो. ठेकेदार मध्ये उभा राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि शेवटी माझ्यामागून आला. मैना जागची हलली नाही.

गाडीत मी दीड तास बसलो. तो वर आला तेव्हा अंगातून पाणी गळत होतं आणि कॅमेरा शर्टाच्या आत होता. रायपूरपर्यंत मी वायपरकडे बघत गाडी चालवली. तेलीबांध्याला तलावापाशी म्हणाला, "इथं उतरव." आमची दोघांची घरं चौबे कॉलोनीत, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. भर पावसात दोन कुत्री घेऊन तो चालायला लागला. मी आरशात बघितलं, पण गाडी थांबवली नाही.

त्यानंतर ना त्याचा फोन ना माझा. त्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, तर मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायला लागलो. बायको म्हणाली, जाऊन या, लहान आहात का? मी म्हटलं, या वेळी त्याची पाळी. एक महिना आणि नऊ दिवस मी पाळी धरून बसलो. तो गेल्यावर डॉक्टरांना मी तीनदा विचारलं, त्या दिवशीच्या भिजण्याने काही झालं का? तिन्ही वेळा ते म्हणाले, हृदयाचा आणि त्याचा काही संबंध नाही. तरी चौथ्यांदा विचारावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यात शोभावहिनींनी, देवीदासच्या पत्नीने, घरी बोलावलं. त्याच्या खोलीत कपाटाला टेकवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट ठेवली होती. "हे तुमचं हाय, अरुणभाऊ. जायच्या बारा-तेरा दिवस आधी करून आणलं त्यांनी. मी रोज म्हणो, नेऊन द्या ना त्याले. तर म्हणत, काहून नेऊ? येते तो. छत्री घेऊन येते."

कागद काढला. फोटो पार बिघडलेला. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंबच थेंब पडलेले, कडे वितळल्यासारखे, हिरवं सगळं वाहून एकमेकांत मिसळलेलं. आणि त्या पाण्यातून वर जाणाऱ्या वाटेवर एक काळा ठिपका, त्याच्या शेजारी एक तांबडा. काळा ठिपका म्हणजे माझी छत्री, खाली माझी पाठ. माणसांचे फोटो न काढणाऱ्या देवीदासने माझी पाठ काढली होती. पल्लवीने कॅमेरा आणून दाखवला. "अंकल, देखो, सत्रह साफ हैं। बाकी उन्नीस में पानी है। पापा ने डिलीट क्यों नहीं किए?" छत्री गेल्यावरही या गड्याने छत्तीस पुरे केले होते.

चौकटीच्या मागे त्याच्या कारकुनी अक्षरात लिहिलं होतं: 'क्र. १८. छत्रीवाला रजेवर. रजा मंजूर.'

मी तिथेच खुर्चीवर बसलो आणि शोभावहिनींसमोर त्याला शिव्या घातल्या. अरे, मंजूर केलीस तर कळवायची नाही? नोकरीत एवढी वर्षं काढलीस, मंजुरीचा कागद अर्जदाराला पोहोचवतात एवढंही शिकला नाहीस? दोन गल्ल्या… मैनालासुद्धा पाठवलं असतंस तर मी आलो असतो. मग रडायला आलं. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

आता कुत्री संध्याकाळी माझ्याकडे असतात. वहिनींना त्यांना फिरवणं झेपत नाही. खुंटीवरची छत्री काढली की दोघंही फाटकापाशी जाऊन उभी. अरे, भाजीला चाललोय, असं रोज सांगतो, पण ऐकतो कोण. परवा पाऊस होता. कॉलोनीच्या मागच्या गल्लीत एका जुन्या भिंतीपाशी मैना थांबली. भिंतीवर शेवाळ होतं आणि विटांच्या फटीतून नेच्याचं एक पान आलं होतं. ती खाली बसली, शेपूट न हलवता. ठेकेदार पुढे गेला होता, तो परत येऊन बघून गेला. किती वेळ झाला कोण जाणे. समोरच्या गच्चीवरून एक बाई ओरडल्या, "अंकल, पूरे भीग गए हो, छाता अपने ऊपर तो करो!" तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा हात पुढे लांब झालेला होता आणि छत्री त्या पानाच्या अलीकडे, रिकाम्या जागेवर धरलेली होती. "हव," मी बाईंना मान डोलावून म्हटलं, आणि छत्री जरा उजवीकडे घेतली.