फौजीकाकांचा उलटा हात

फौजीकाका कोणत्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. दाराची कडी असो, नळाची तोटी असो की लोखंडी कपाट, पहिल्यांदा हाताची पाठ हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच वस्तू धरायची. आमच्या दुकानात आले की काउंटरच्या पत्र्यालासुद्धा हाताची पाठ लावून बघत. मी तोंडाची फटकळ. म्हणायचे, "काका, मी इथं सकाळपासून बसून आहे. करंट असता तर आतापर्यंत माझा फोटो लागला असता भिंतीवर." ते हसत नसत. म्हणत, "काल नव्हता म्हून आज नसनच, असं कोणी लिहून देल्लं तुमाले, सूनबाई?"

केशोरीजवळच्या आमच्या गावात आमचं विजेच्या सामानाचं दुकान. नवरा मागच्या खोलीत पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, मी पुढं गिऱ्हाईक सांभाळते. काका फौजेत तारांच्या कामावर होते. सीमेवरच्या कुंपणात वीज सोडायची, तुटलेली तार शोधायची, जोडायची, यातच त्यांची उमर गेली. तिथलीच ही सवय. विजेचा झटका बसला की माणसाची मूठ आपोआप आवळते. तळहात लावला असेल तर तार मुठीत येते आणि सुटत नाही. हाताची पाठ लावली तर मूठ वळते, पण तार बाहेर राहते. एवढं साधं गणित. पण ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की लेकरांचे गाल ते उलट्या हातानं कुरवाळत, आणि बैलाच्या पाठीवरही आधी उलटाच हात जाई.

एकदा तर कहर झाला. गावातल्या एका लग्नात नवरी पाया पडायला वाकली आणि काकांनी तिच्या डोक्यावर हाताची पाठ टेकवली. झालं! नवरीची सासू फुगून बसली. "उलट्या हाताचा आशीर्वाद! अशुभ नाही तर काय?" वरपक्षाला समजावता समजावता जेवणाची पंगत थंड झाली. शेवटी काका पुन्हा मांडवात गेले, नवरीच्या डोक्यावर सरळ हात ठेवला आणि सासूला म्हणाले, "पयले पाहून घेतलं बाई, आता पक्का देल्ला." सासूलाही हसू आलं. त्यानंतर गावात कोणी नवी सून आली की बाया तिला आधीच बजावत, फौजीकाकांचा आशीर्वाद दोनदा असतो, पहिल्या वेळी रुसू नको.

दुकानात त्यांचा एक खेळ होता. रॅकवरची एकेक वस्तू उचलायची आणि तिचं मूळ सांगायचं. डोक्याला बांधायची बॅटरी, नायलॉनची दोरी, मोबाईलमधला रस्ता दाखवणारा नकाशा, धानावर औषध फवारायला येतो तो ड्रोन, सगळं आधी फौजेत होतं म्हणे. "जे आज फौजेत, ते उद्या तुमच्या दुकानात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, "मग आमचं भलंच आहे." त्यावर ते वस्तू रॅकवर परत ठेवून देत. एकदा मात्र बोलले. "फौजेत वस्तू येते तं तिच्या मागं शिस्त येते. कुठं तार टाकली तिचा नकाशा असते, पाटी असते, पहारेकरी असते. तुमच्या दुकानात नुसती वस्तू येते." मला राग आला होता. दुकानात वस्तू नाही तर काय देऊळ ठेवायचं?

त्यांना काय म्हणायचं होतं ते आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. धान निसवलं की जंगलातून रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत बांधीच्या बांधी, म्हणजे धानाची खाचरंच्या खाचरं, लोळवून टाकतात. मग कोणी तरी मोटारीच्या लाईनवर आकडा टाकतो, उघडी तार धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, फिरवतो आणि करंट सोडतो. डुक्कर मरतं. कधी गाय मरते. कधी सकाळी तार काढायला विसरलेला मालकच मरतो. काका रोज दिवस उगवताना हातात टेस्टर बांधलेली बांबूची काठी घेऊन सगळ्या शिवारातून फिरत. कुठं तार दिसली की शाळेच्या वहीत नकाशा काढत आणि मालकाच्या दारात जाऊन उभे राहत. "सीमेवर तार दुश्मनासाठी लावत होतो मी. तू कोणासाठी लावली, सांग." त्यापेक्षा बॅटरीवरचं झटका मशीन घ्या म्हणत, त्यानं जनावर पळतं, मरत नाही. काही जण ऐकत. काही जण तोंडावर हो म्हणत आणि अंधार पडला की पुन्हा तार ओढत.

काकांना मूलबाळ नव्हतं, काकू गेल्याला बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ सुखराम आणि त्याची बायको यमुना यांच्या घरीच ते राहत. दोघा भावांत पंधरा वर्षांचं अंतर. सुखरामभाऊ पन्नाशीचे झाले तरी काका त्यांना "लहान्या" म्हणत, ताटात भाजी कमी दिसली की आपली वाढत. एका वर्षी काकांचा गुडघा धरला आणि शिवारातलं फिरणं बंद झालं. दुकानात येऊन नुसते तळमळत बसत. "लोकाईले सांगाचं आहे, आन जाता येऊन नाई राहिलं."

मीच म्हणाले, "घरोघर कायले फिरता काका? बोला, मी मोबाईलमध्ये भरते. गावाच्या ग्रुपवर टाकते. एका मिनिटात सगळ्यांच्या कानात."

त्यांना ते पटलं नाही आधी. मीच मागं लागले. मग त्यांनी टोपी नीट केली, समोर अधिकारी उभा असल्यासारखे ताठ बसले आणि बोलले. "रामराम. मी फौजी बोलून राहिलो. धुऱ्यावर तार दिसली तं सीधा हात लावू नका. पयले टेस्टर लावा. टेस्टर नसन तं उल्टा हात लावून पाहा. ध्यानात ठेवा, उल्टा हात." बोलताना त्यांनी हाताची पाठ मोबाईलसमोर धरली होती, दोनदा हलवून दाखवली. मला ती दिसत होती, म्हणून मला सगळं नीट कळलं. मी बटण दाबलं आणि पाठवून दिलं. संध्याकाळपर्यंत केशोरीपासून पार देवरीपर्यंतच्या लोकांनी तो पुढं पाठवला होता. मी काकांना ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मीसुद्धा स्वतःवर फार खूश होते.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी सुखरामभाऊ गेले. सकाळी यमुनाबाईंसोबत बांधी बघायला निघाले होते, शेजाऱ्याची तार त्यांच्या धुऱ्यावर पडली होती. शेजारी करंट बंद करायला विसरला होता. मी धावत गेले तेव्हा लाईन तोडून झाली होती. काका गुडघा ओढत ओढत तिथवर आले होते आणि चिखलात भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

पोलिसांनी शेजाऱ्याला नेलं. काकांनी त्याच्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांचा सगळा राग मेलेल्या भावावर. तेरवी होईपर्यंत जो भेटायला येईल त्याला तेच सांगत. "गावाले शिकवलं मी, आन घरच्यानंच ऐकलं नाई. माझ्या भावानं माझं ऐकलं नाई." रडत नसत, भांडत असत त्याच्याशी. "लहान्या, कायले हात लावला रे? सांगतलं होतं न तुले?"

आणि यमुनाबाई कोपऱ्यात डोईवर पदर ओढून बसलेल्या. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, काकांना तीन वेळ वाढलं, पण एक शब्द समोरासमोर नाही. त्या दिवशी काय झालं ते एकट्या त्यांनी पाहिलं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगता येत नव्हतं. तेरवीच्या दुपारी भांडी घासताना त्यांनी मला सांगितलं.

"त्याईले तार दिसली. मी म्हटलं, राहू द्या. तं म्हणाले, थांब, भाऊनं मोबाईलात सांगतलं आहे. सीधा हात लावाचा नाई, उल्टा लावाचा. उजव्या हातातला विळा खाली ठेवला. आन डावा हात लावला."

तेव्हा मला उमगलं. आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे अर्धी मराठी, अर्धी हिंदी. फटका द्यायचा असेल तर उलटा हात म्हणजे हाताची पाठ. वाटसरूला रस्ता सांगायचा असेल, जखम कुठं झाली विचारायचं असेल, तर उल्टा हात म्हणजे डावा आणि सीधा म्हणजे उजवा. रोज दोन्ही बोलतो आम्ही, आणि कधी अडत नाही, कारण बोलणारा समोर असतो. सुखरामभाऊंच्या कानात नुसता आवाज गेला. मी पाठवलेला.

सांगावं की नाही? चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "नको सांगू. म्हातारा मरून जाईल." पण काका रोज दुकानात येऊन त्या भावाला बोल लावत होते, ज्यानं त्यांचा शब्द न् शब्द पाळला होता. ते मला ऐकवेना. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा सुरू केलं, "ऐकलं नाई त्यानं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"ऐकलं, काका. ऐकलं म्हणूनच गेले."

मी सगळं सांगितलं.  काका आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडे पाहत बसले, नंतर डावा. मी म्हणाले, चूक माझी आहे, मीच आवाज भरला, मीच मागं लागले. ते म्हणाले, "तुमी नाई. हात लावून पाहा, असं मी म्हटलंच कायले? हात लावूच नका, एवढंच म्हणाचं होतं." आणि पहिल्यांदा रडले. एवढा मोठा माणूस, आमच्या काउंटरवर डोकं ठेवून रडला. गिऱ्हाईक आलं होतं, ते दारातूनच परत गेलं.

मी त्याच दिवशी दुसरा संदेश भरायला मोबाईल पुढं केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "आवाजाले हात नसते, सूनबाई." दुसऱ्या दिवसापासून त्या तसल्या गुडघ्यानं ते दारोदार फिरायला लागले. आपल्या गावात झालं, मग शेजारच्या गावात, मग केशोरीच्या बाजारात. एकेका माणसासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, "मी चुकीचं सांगतलं होतं. तारेले हात लावू नका. ना उजवा, ना डावा, ना उल्टा, ना सीधा. लाईनमनले बोलवा." समोरच्यानं ते म्हणून दाखवल्याशिवाय हलायचे नाहीत. लोक चेष्टा करत. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणत. मला चीड यायची. शब्द परत घ्यायला असं उन्हातान्हात फिरणारा एक तरी माणूस दाखवा, मग हसा.

चार महिने फिरले. होळीनंतर अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा यमुनाबाई उशाशी बसून चमच्यानं पेज पाजत होत्या, डोईवरचा पदर तसाच. काका मला म्हणाले, "किती जणाकडं गेला असन तो आवाज? मोजता येते का मोबाईलात?" मी म्हणाले, नाही येत. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा यमुनाबाई बोलल्या, माझ्याशी नाही, सरळ त्यांच्याशी. "भाऊजी, दोन घास खाऊन घ्या. त्याईनं तुमचं ऐकलं, याचा मले राग नाई." काकांनी मान वळवली नाही, पण तोंड उघडलं आणि पेज घेतली. चार दिवसांनी गेले.

गेल्या महिन्यात एका सकाळी देवरीकडच्या माझ्या मामेबहिणीनं मोबाईलवर काही तरी पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या दुकानाच्या कामाचं आहे.' मी बटण दाबलं. "रामराम. मी फौजी बोलून राहिलो." मी पूर्ण ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. दुसऱ्यांदा फक्त आवाजासाठी ऐकलं, ते सांगायची मला लाज वाटते, पण त्यांचा दुसरा आवाज कुठंच नाही.

मग बहिणीला फोन लावला आणि म्हणाले, हे काढून टाक, सगळ्यांना काढायला सांग.

"काऊन? चांगलं तं सांगून राहिला बिचारा," ती म्हणाली. "आमच्या इथं सगळ्याईनं पाठ केलं आहे."

नवऱ्याला पुढं बसवलं आणि मी निघाले. कोहमाऱ्याला गाडी बदलून तिच्या गावी पोचायला चार वाजले. ओसरीवर तिनं बोलावलेली दहा-बारा माणसं जमली होती, शेतातून तशीच आलेली, पायाला चिखल. धान निसवायला लागलं होतं. त्यांतल्या एकानं मोबाईल काढून विचारलं, "हेच ना? कोण होय हा मानूस?"

"हा आवाज मी भरला आहे," मी म्हणाले. "माणूस फार चांगला होता. त्याचं ऐकू नका."